मासेमारी बोटीच्या लाकडाला कोणतं फिनिश द्यावं? नव्या बोटमालकांसाठी मार्गदर्शक

मासेमारी बोटीवरच्या लाकडाच्या नशिबी फार काही असतं. दिवसभर खारं पाणी उडतं, माशांचं रक्त वाळतं, ओल्या दोऱ्या घासतात, गळांचे आणि सुऱ्यांचे ओरखडे पडतात, डिझेलचे थेंब सांडतात आणि परत आल्यावर कोणीतरी साबणाच्या पाण्याने सगळं खराखरा घासून काढतं. अशा बोटीसाठी ‘सगळ्यात चांगलं वॉर्निश कोणतं?’ असं विचारून हाती फारसं काही लागत नाही. या भागात पाणी कुठून शिरेल, इथे घासाघाशी किती होते आणि तुम्ही ब्रश घेऊन इथे पुन्हा किती दिवसांनी येणार, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याचं उत्तर खरं दिलंत तर अर्धी निवड तिथेच होते.

फिनिश दोन बाजूंनी मरतं. वरून ऊन लागतं. अतिनील किरण पारदर्शक थरातून आत जातात आणि लाकडाचे तंतू एकत्र धरून ठेवणारं लिग्निन मोडतात. वरचा थर शाबूत दिसतो, पण तो ज्या लाकडाला चिकटलाय ते लाकूडच सैल झालेलं असतं. मग एक दिवस नखाने उचलला तरी पोपडा निघतो. दुसरीकडे थराच्या मागून पाणी येतं, स्क्रूच्या भोकातून, जोडातून, फळीच्या कापलेल्या टोकातून. लाकूड फुगतं, थर तेवढा ताणला जात नाही आणि सुटतो. पुढचे सगळे टप्पे या दोन गोष्टींच्या बंदोबस्तासाठी आहेत.

१. बोटीवरच्या लाकडाची यादी करा

अख्ख्या बोटीला एकच फिनिश लावणं ही नवख्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक. कागद घ्या आणि प्रत्येक लाकडी भागापुढे ऊन, पाणी, घासाघाशी आणि माशांशी संपर्क यांची नोंद करा. बहुतेक बोटींवर यादी साधारण अशी निघते:

- काठावरची पट्टी: दोऱ्या आणि जाळी घासतात, ऊन दिवसभर. इथे पारदर्शक थर फार काळ टिकत नाही.
- धरायचे दांडे, केबिनच्या दाराची चौकट, बाहेरची शोभेची पट्टी: ऊन भरपूर, घासाघाशी कमी. वॉर्निश शोभतं आणि झेपतंही.
- डेक: पाय, पाणी, रक्त. चकचकीत थर नको.
- सुकाणूचा दांडा आणि वल्ह्यांच्या मुठी: ओल्या हाताने धरायच्या वस्तू. मुठी कोऱ्या ठेवा किंवा तेल द्या. वॉर्निश लावलेली मूठ ओल्या हातात घसरते आणि फोडही लवकर आणते.
- मासे कापायची फळी आणि आमिषाची पेटी: सुरीचा प्रत्येक घाव थराखाली पाणी नेतो, म्हणून थर देणारं काहीच नको. लाकूड कोरं ठेवा किंवा खाद्यपदार्थांना चालणारं खनिज तेल लावा.
- मासळीचा खण: इथे वॉर्निश किंवा घरचा रंग अजिबात नको. खाद्यपदार्थांच्या संपर्कासाठी मान्य असलेलं अस्तरच चालतं आणि ते काम त्यातल्या जाणकाराकडून करून घ्या.
- केबिनच्या आतलं लाकूड: ऊन कमी, दमट हवा जास्त. इथे जवळपास काहीही टिकतं, फक्त हवा खेळती हवी.

खणाच्या आसपासच्या लाकडावर वेगळं लक्ष ठेवा. लाकूड कुजवणारी बुरशी गोड्या पाण्यात वाढते, खारं पाणी तिला मानवत नाही. समुद्रावर राहणारी बोट कुजते ती पावसाच्या आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने. खणाच्या झाकणाच्या चौकटीखाली, कोपऱ्यांत, बर्फ ठेवतात त्या बाजूच्या फळ्यांत चाकूचं टोक टोचून पाहा. टोक सहज आत गेलं तर फिनिशचा विचार थांबवा. कुजलेलं लाकूड काढून नवं बसवल्याशिवाय वर काहीही लावलं तरी फुकट.

२. देखभालीला किती वेळ देणार ते ठरवा

रंग: चांगला लागला तर तीन ते पाच वर्षं, मध्ये डागडुजी करत.

अर्धपारदर्शक रंगद्रव्याचं फिनिश: वर्षातून एकदा एक हात.

वॉर्निश: प्रखर उन्हाच्या पट्ट्यात दर चार ते सहा महिन्यांनी एक-दोन हात, सौम्य उन्हात वर्षातून एकदा.

तेल: उघड्यावर दर महिना-दीड महिन्याला.

ज्याला मोसमात समुद्रावरून फुरसत मिळत नाही त्याने वॉर्निशचे भाग मोजकेच ठेवावेत. कष्टाच्या बोटीवरच्या बहुतेक लाकडाला रंगच योग्य, आणि पारदर्शक थर फक्त तिथे जिथे तुम्ही तो खरंच सांभाळणार आहात. सहा महिने उशिरा झालेली देखभाल ही देखभाल राहत नाही. सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

३. पर्याय समजून घ्या

*सागरी वॉर्निश.* यात तेलाचं प्रमाण जास्त असतं, टंग झाडाच्या बियांचं तेल किंवा जवसाचं तेल आणि त्यासोबत फेनॉलिक किंवा अल्किड राळ. तेलामुळे थर लवचीक राहतो आणि लाकडासोबत थोडा ताणला जातो. उन्हासाठी त्यात अतिनील किरण शोषणारी द्रव्यं घातलेली असतात. ती वापरात खर्च होत जातात, म्हणून वेळोवेळी वर नवा हात द्यावा लागतो. डब्यावर अतिनील संरक्षणाचा उल्लेख नसेल तर तो डबा बोटीसाठी नाही. घरातल्या फर्निचरचं पॉलियुरेथेन, मेलामाइन, फ्रेंच पॉलिश, एनसी लॅकर यांपैकी काहीही बाहेर लावू नका. लाखेचं पॉलिश पाण्याने पांढरं पडतं आणि घरचं पॉलियुरेथेन कडक असल्यामुळे काही महिन्यांत कागदासारखे पापुद्रे सोडतं.

चकचकीत की मंद? सुरुवातीचे सगळे हात चकचकीत वॉर्निशचे द्या, मंद चमक हवी असेल तर फक्त शेवटचा हात मंद. चमक कमी करण्यासाठी घातलेली पूड थर कमकुवत करते आणि खालच्या लाकडाच्या रेषा धूसर दिसतात.

*दोन भागांचं पॉलियुरेथेन.* राळ आणि हार्डनर मिसळायचा. थर अतिशय कडक होतो, ओरखड्यांना आणि डिझेलला दाद देत नाही. पण ज्या लाकडाचे जोड हलतात तिथे तो तडकतो आणि तडकलेल्या रेषेतून पाणी आत शिरतं. फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या पारंपरिक बांधणीच्या बोटीला म्हणूनच हे नको, इपॉक्सी या दोन भागांच्या राळेने चिकटवलेल्या न हलणाऱ्या भागांना चालतं. हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहे, त्याने कायमचा दमा जडू शकतो. धुळीचा साधा मास्क त्याला अडवत नाही, योग्य कार्ट्रिजचा श्वसनमास्क लागतो. फवारणी तर स्वतः करूच नका. शिवाय ठिगळ लावणं कठीण आणि काढणं त्याहून कठीण. पहिल्याच खेपेला याच्या वाटेला न गेलेलं बरं.

*इपॉक्सी आणि त्यावर वॉर्निश.* इपॉक्सीचे दोन-तीन हात लाकूड पाण्यापासून उत्तम बंद करतात. उन्हात मात्र इपॉक्सी स्वतःच पिवळी पडून भुगा होते, म्हणून वर अतिनील संरक्षण असलेल्या वॉर्निशचे निदान चार-पाच हात हवेतच. वरचं वॉर्निश संपू दिलंत तर खालची इपॉक्सी खराब होते आणि ती खरवडताना कळतं की साधं वॉर्निश परवडलं असतं. नव्या, कोरड्या, सगळ्या बाजूंनी झाकता येणाऱ्या तुकड्यांना हा मार्ग चांगला. जुन्या बोटीवर, जिथे खालची बाजू उघडीच राहते, तिथे नको. एका बाजूने ओल येते, दुसरीकडून बाहेर पडायला वाट नसते.

*अर्धपारदर्शक फिनिश.* यात लोहाच्या ऑक्साइडचं बारीक रंगद्रव्य असतं, तेच ऊन अडवतं. रंग थोडा नारिंगी-तपकिरी दिसतो, लाकडाच्या रेषा वॉर्निशइतक्या खुलत नाहीत. पण तीन हात पुरतात आणि थर सहसा सोलून निघत नाही, हळूहळू झिजतो. लाकूड दिसायला हवं पण वेळ नाही, अशांसाठी हाच पर्याय. याला मिळायला हवी तेवढी पसंती मिळत नाही.

*तेल.* थर नाही म्हणून पोपडे नाहीत, हा मोठा फायदा. मात्र ऊन फारसं अडत नाही. कच्चं जवसाचं तेल बुरशीचं खाद्य ठरतं आणि दमट हवेत लाकूड काळं पडतं. तेलकट लाकडावर धूळ आणि रक्ताचे डागही बसतात. तेल वल्ह्यांच्या मुठी आणि सुकाणूच्या दांड्यापुरतं ठेवा.

*रंग.* रंगद्रव्य ऊन पूर्ण अडवतं, म्हणून पारदर्शक कोणत्याही थरापेक्षा जास्त टिकतो. प्रायमर, अंडरकोट आणि वर दोन हात, हा क्रम सोडू नका. उन्हातल्या भागांना फिकट रंग द्या. गडद रंगाखाली लाकूड फार तापतं, फळ्या आटून सांधे उघडतात आणि राळ असलेल्या लाकडातून चिकट थेंब वर येतात. रंगाचा एकच मोठा दोष आहे, तो खालची कूज लपवतो. म्हणून टोचून पाहण्याची सवय ठेवा. पुढे कधी तेच लाकूड पारदर्शक करायचा विचार असेल तर प्रायमरआधी वॉर्निशचे दोन हात द्या. मग रंग तंतूंमध्ये मुरत नाही आणि नंतर स्वच्छ निघतो.

*कोरं लाकूड.* सागवानी डेकला काही न लावणं हा आळस नाही, तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. कोरं सागवान राखाडी होतं, ओलं असतानाही पायाला पकड देतं आणि स्वतःच्या तेलामुळे टिकतं. मऊ ब्रशने, तंतूंना आडवं, खाऱ्या पाण्याने धुवा. कडक ब्रश तंतूंच्या दिशेने चालवला किंवा जोरदार पाण्याचा फवारा मारला तर मऊ भाग निघून जातो आणि डेकवर खोल रेघा पडतात. सागवान नसेल तर डेकला घसरण रोखणारी पूड मिसळलेला रंग द्या.

४. लाकूड आणि जुना थर ओळखा

जुन्या बोटीवर आधी काय लावलंय ते कळल्याशिवाय नवीन काही लावू नका. तीन सोप्या चाचण्या:

पहिली, ॲसिटोनमध्ये भिजवलेलं फडकं जुन्या थरावर मिनिटभर दाबून धरा. थर मऊ झाला, चुरगळला तर ते एका भागाचं वॉर्निश किंवा रंग आहे. काहीच झालं नाही तर बहुधा दोन भागांचं. हे महत्त्वाचं, कारण दोन भागांच्या थरावर घासून एका भागाचं वॉर्निश देता येतं, पण उलटं केलं तर वरच्या मिश्रणातलं द्रावक खालचा थर उचलून टाकतं.

दुसरी, ब्लेडने थरावर फुली मारा, तिच्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर तुकडे आले तर तो थर नव्या हातांचं ओझं पेलणार नाही, पूर्ण काढा.

तिसरी, कोऱ्या दिसणाऱ्या लाकडावर पाण्याचा थेंब टाका. लगेच शोषला गेला तर लाकूड उघडं आहे. मण्यासारखा राहिला तर तेल, मेण किंवा सिलिकॉन आहे आणि ते आधी काढावं लागेल.

सागवान आणि तत्सम तेलकट लाकडाला वेगळी वागणूक हवी. घासल्यानंतर, पहिल्या हाताच्या अगदी आधी, ॲसिटोनच्या फडक्याने पुसा आणि द्रावक उडून गेलं की तासाभरात पहिला हात द्या. आतलं तेल पुन्हा वर यायला फार वेळ लागत नाही.

बोट जुनी असेल आणि रंग कधीचा ते ठाऊक नसेल तर त्यात शिसं आहे असंच धरा. कोरडा घासू नका, हीट गनने जाळू नका. रासायनिक रिमूव्हर किंवा ओलं घासकाम करा आणि कचरा गोळा करून ठेवा, पाण्यात सोडू नका.

५. लागणारं साहित्य

- पॉलिश पेपर: ८०, १२०, १८०, २२० आणि ३२० नंबर
- धारदार खरवडणी, हीट गन, गोल फिरणारा सँडर
- नैसर्गिक केसांचे दोन चांगले ब्रश, कोपऱ्यांसाठी काही फोमचे
- चिकट धूळफडकं, धागे न सोडणारं सुती कापड
- उन्हात टिकणारी मास्किंग टेप
- थिनर, पण फक्त त्या डब्यावर सांगितलेला
- ॲसिटोन, ऑक्झॅलिक आम्ल, नायट्राइल हातमोजे, चष्मा, मास्क
- गाळणी आणि स्वच्छ रिकामे डबे
- लाकडातली ओल मोजायचं मीटर

मीटर नसेल तर प्लास्टिकचा फूटभर चौकोन लाकडावर चारही बाजूंनी चिकटवून २४ तास ठेवा. आतून बाष्प जमलं तर लाकूड ओलं आहे. मीटरवर आकडा १५ टक्क्यांच्या खाली हवा, १२ च्या आसपास उत्तम.

स्टीलची लोकर या यादीत मुद्दाम नाही. तिचे बारीक तुकडे लाकडात अडकतात आणि पहिल्याच ओलीत गंजाचे ठिपके उठतात. ब्राँझची लोकर किंवा नायलॉनचा स्क्रबर वापरा.

वॉर्निश किती लागेल याचा हिशेब आधी करा. एका लिटरमध्ये एका हाताचं साधारण १० चौरस मीटर होतं. ५ सेंटिमीटर जाडीचा गोल दांडा, एकूण लांबी १० मीटर, म्हणजे परीघ सुमारे १५.७ सेंटिमीटर आणि क्षेत्रफळ १.५७ चौरस मीटर. आठ हातांना १२.५६ चौरस मीटर, म्हणजे सव्वा लिटर. थोडं वाया जाणार हे धरून दीड लिटर आणा. पट्टी सपाट असेल तर लांबी गुणिले रुंदी, आणि खालची बाजू व कडा विसरू नका.

६. तयारी: खरं काम इथेच

आधी गोड्या पाण्याने मीठ धुवा. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. थराखाली राहिलं तर तिथे फोड येतो. मग डिग्रीझर किंवा थिनरच्या फडक्याने डिझेल, ग्रीस आणि रिळाला मारायच्या स्प्रेचे अंश काढा. हा क्रम उलटा करू नका. आधी घासलं तर ग्रीस तंतूंमध्ये खोल जातं आणि वॉर्निश तिथे माशाच्या डोळ्यासारखं गोल फाकतं. सिलिकॉन सीलंटचं तेच. वॉर्निश होणाऱ्या भागाजवळ सिलिकॉन वापरूच नका.

क्लीट (दोरी बांधायचे खुंटे), रॉड धरायचे साचे, पट्ट्या, सगळं काढा. भोवतीने ब्रश फिरवण्यात अर्धा तास वाचतो आणि वर्षभरात तिथेच लाकूड काळं पडतं. स्क्रूची भोकं थोडी मोठी करा, आत इपॉक्सी भरा, घट्ट झाल्यावर पुन्हा योग्य मापाचं भोक पाडा. मग पाणी भोकातून शिरलं तरी लाकडाला लागत नाही. स्क्रू ३१६ ग्रेड स्टेनलेस किंवा सिलिकॉन ब्राँझचे घ्या.

लोखंडाचे काळे डाग असतील तर लिटरभर कोमट पाण्यात ८० ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल विरघळवा. हातमोजे आणि चष्मा घालून लावा, २०-३० मिनिटं ओलं राहू द्या, दोन-तीन वेळा भरपूर पाण्याने धुवा. नीट धुण्याआधी घासू नका, ती धूळ नाका-डोळ्यांना झोंबते आणि विषारी आहे. यानंतर लाकूड दोन दिवस वाळू द्या आणि ओल पुन्हा तपासा.

घासकाम ८० ने सुरू करा, मग १२०, मग १८०. सगळं तंतूंच्या दिशेने. ८० च्या आडव्या रेघा कोरड्या लाकडावर दिसत नाहीत आणि वॉर्निश लागताच उठून दिसतात, म्हणून थिनरच्या फडक्याने ओलं करून तपासा. धारदार कडा ३ मिलिमीटर गोल करा. धारेवर थर आपोआप पातळ होतो आणि तिथूनच सुटायला सुरुवात होते.

फळीची टोकं आणि जोड यांना वेगळे दोन-तीन पातळ हात आधीच द्या. टोकाकडे तंतू नळ्यांसारखे उघडे असतात, ते बाकीच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी जास्त पितात. शोषणं थांबेपर्यंत देत राहा.

लाकूड उघडं केल्यावर पडून ठेवू नका. दोन-तीन आठवड्यांचं ऊनही वरचे तंतू सैल करायला पुरतं आणि त्यावर लावलेला थर पहिल्यापासूनच कच्चा धरतो. जेवढं दोन-तीन दिवसांत बंद करता येईल तेवढंच उघडा.

७. दिवस आणि वेळ निवडा

हवेचं तापमान १५ ते ३० अंश, आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली, वारा कमी. लाकडाचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं दव होतं त्या तापमानापेक्षा, निदान ३ अंश जास्त हवं. सकाळी दव पूर्ण सुकल्यावर सुरुवात करा, सावलीत काम करा आणि दुपारी लवकर थांबा. संध्याकाळचं दव ओल्या वॉर्निशवर पडलं तर चमक जाते आणि पांढरट झाक येते, ती घासूनच काढावी लागते.

इपॉक्सीचं वेळापत्रक उलटं. ती दुपार कलल्यावर, लाकूड थंड होत असताना लावा. तापत जाणाऱ्या लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि थरात बुडबुडे अडकतात, थंड होणारं लाकूड मात्र इपॉक्सी आत ओढून घेतं.

८. हात देणं

डबा हलवू नका, सावकाश ढवळा. हलवल्याने आलेले बुडबुडे ब्रशखाली येतात. लागेल तेवढं गाळून दुसऱ्या डब्यात घ्या, मूळ डब्यात ब्रश बुडवू नका.

पहिला हात वॉर्निश आणि थिनर अर्धे-अर्धे. दुसरा तीन भाग वॉर्निशला एक भाग थिनर. तिसरा सुमारे १० टक्के थिनर घालून. पुढचे हात जसंच्या तसं. डब्यावर वेगळं प्रमाण दिलं असेल तर डब्याचं ऐका. पातळ पहिला हात तंतूंत मुरतो आणि वरच्या सगळ्या थराला तोच धरून ठेवतो.

दोन हातांमध्ये साधारण १६ ते २४ तास. वाळलं का ते घासून कळतं. कागदावर पांढरी कोरडी पूड आली तर तयार, गोळ्या झाल्या तर आणखी एक दिवस थांबा. मधल्या घासकामाला आधी २२०, शेवटच्या दोन हातांना ३२०. हे घासणं टाळू नका. सुकलेल्या वॉर्निशमध्ये नवा हात विरघळत नाही, त्याला धरायला बारीक ओरखडे लागतात.

एकूण सहा ते आठ हात, ऊन प्रखर असेल तर दहापर्यंत. तिसऱ्या हातालाच लाकूड छान दिसायला लागतं आणि बरेच जण तिथेच थांबतात. तेवढा पातळ थर उन्हात एक मोसमही काढत नाही.

टेप वॉर्निश घट्ट व्हायच्या आत, मागे वळवून सावकाश काढा. एकापेक्षा जास्त दिवस काम चालणार असेल तर रोज नवी टेप लावा.

इपॉक्सी वापरत असाल तर दोन गोष्टी. हार्डनर जास्त घातल्याने ती लवकर सुकत नाही, कायमची चिकट राहते, म्हणून प्रमाण मोजूनच. आणि सुकल्यावर वर मेणचट थर येऊ शकतो. तो आधी पाणी आणि स्क्रबरने धुवा, मगच घासा. नाहीतर त्यावरचं वॉर्निश वाळतच नाही.

तेल किंवा तेलकट वॉर्निशची फडकी कधीच गोळा करून टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते, ती गोळ्यात कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेतं. फडकी मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या लोखंडी डब्यात झाकून ठेवा. हे बोटीवर तर विसरूच नका, खाली डिझेल असतं.

९. देखभाल आणि डागडुजी

प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवा आणि रक्त वाळू देऊ नका. ब्लीचिंग पावडर आणि तीव्र साबण वॉर्निश आणि लाकूड दोन्ही खातात. खण धुतलेलं ब्लीचचं पाणी पट्टीवरून ओघळत असेल तर तिथे लगेच साधं पाणी ओता. गोड्या पाण्यानंतर झाकणाखाली, क्लीटभोवती साचलेलं फडक्याने पुसा.

महिन्यातून एकदा तिरक्या उन्हात प्रत्येक दांडा आणि पट्टी बघा. पाण्याचे मणी होत नाहीत, चमक मंदावली, म्हणजे नव्या हाताची वेळ. २२० ने घासा, पुसा, एक-दोन हात द्या, काम एका सुट्टीत होतं. फिकट पिवळसर डाग दिसला तर थर खालून सुटलाय. ब्लेडने सुटलेला भाग काढा, कडा उतरत्या करा, काळं पडलं असेल तर ऑक्झॅलिक आम्ल, मग पातळ वॉर्निशचे चार-पाच छोटे हात फक्त तेवढ्यावर आणि शेवटी अख्ख्या भागावर एक. गळ किंवा सुरीचा खोल घाव लागला आणि त्या दिवशी वेळ नसेल तर निदान वाळवून त्यावर वॉर्निशचा एक थेंब टेकवा, बाकीचं नंतर करता येतं. यासाठी छोट्या बाटलीत वॉर्निश आणि दोन फोम ब्रश बोटीवरच ठेवा.

एखाद्या भागाचा पाव हिस्सा सुटला असेल तर ठिगळं लावत बसू नका, तो पूर्ण खरवडा. आणि तीच पट्टी दरवर्षी खरवडावी लागत असेल तर तिला रंग द्या.

उरलेलं वॉर्निश गाळून काठोकाठ भरेल अशा लहान बाटलीत ओता, वर हवा राहिली की साय धरते. बाटलीवर वॉर्निशचं नाव, कोणता थिनर आणि शेवटच्या हाताची तारीख लिहा, आणि तीच नोंद केबिनच्या एखाद्या फळीच्या मागच्या बाजूला पेन्सिलने करून ठेवा. पुढच्या वेळी ब्रश तुमच्या हातात नसेल तर काम करणाऱ्याला ॲसिटोनची चाचणी करावी लागणार नाही.